गाण्याखालचा आवाज

त्या काळात आमच्या भागात लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांत मी स्वतःला लय शहाणा समजायचो. झरीला, आमच्या गावी, घरातल्याच एका खोलीत दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर मांडून माझं मिक्सिंग चालायचं. मिक्सिंग म्हणजे काय, तर एका व्हीसीआरवर लग्नाची कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायचं आणि वरून सिनेमाची गाणी भरायची. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला एखादं रडकं. लग्नातला खरा आवाज कुणालाच नको असायचा. भांड्यांचा खडखडाट अन् लेकरांची रडारड ऐकायला कोण पैसे देतंय? "गाणी तेवढी चांगली टाका," एवढंच लोक सांगायचे. काम झालं की मूळ कॅसेट मी पुढच्या लग्नाला वापरायचो. सगळेच वापरायचे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेटही मी तशीच केली.

पंगतीत बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं होतं. तिनं उखाणा सुरू केला, मधेच अडकली, हसली, तोंडाला पदर लावला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. लग्नानंतर चार दिवस माहेरी आली तेव्हा माझं मिक्सिंग चालू होतं. शेजारी बसून तिनं ते बघितलं आणि लाजून लाल झाली. "दादा, लय येड्यावानी दिसायलेय मी. काढून टाक ना हे."

"चित्र झकास आलंय, राहू दे," मी म्हणालो. "वरून गाणं भरतो. कुणाला कळायचं न्हाई."

आणि भरलं. त्या साली गाजत असलेलं गाणं भरलं, मोठ्या कौतुकानं. बटन दाबताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

दीड वर्षानं ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. गंगाखेडला तिच्या सासरी आम्ही पोचलो तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वडील आम्ही लहान असतानाच गेलेले, त्यामुळं घरात मी आणि माय. माय वर्षभर टीव्हीच्या खोलीत आली नाही. मग एका दुपारी दारात उभी राहून म्हणाली, "पोरीची कॅसेट लाव." लावली. हळद झाली, अक्षता झाल्या, ती गुमान बघत बसली. पंगत आली, बहिणीचे ओठ हलायला लागले आणि माय एकदम पुढं सरकली.

"आवाज मोठा कर."

"माय, ते गाणं हाय."

"गाण्याच्या खालचा मोठा कर."

तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण माझी जीभ रेटली नाही. "बघतो काही करता येतंय का," असं म्हणून बसलो. तेवढ्या एका वाक्यानं मी पुढची दोन वर्षं माझ्या आणि तिच्या गळ्यात बांधून घेतली.

परभणीत तेव्हा कॉम्प्युटरचा एक क्लास नुकता निघाला होता. चपला बाहेर काढून आत जायचं, एसीत बसायचं, आणि सर सांगतील तेवढ्याच बटनाला हात लावायचा. मी सरांना विचारलं, पुसलेलं परत येतं का हो? सरांनी माझ्यासमोर एक फाइल पुसली आणि दोन मिनिटांत परत आणून दाखवली. "कॉम्प्युटर फक्त फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं विचारतो," सर म्हणाले. आयला, माझ्या अंगावर काटा आला! आपल्याला तर अख्खा उखाणा पाठ आहे, मी मनात म्हणालो. असा मी मूर्ख.

"पण व्हिडिओ म्हणाल तर हे मशीन पुरायचं नाही," सर म्हणाले. "हे जुन्या प्रोसेसरचं, टू-एट-सिक्स आहे. तुम्हाला थ्री-एट-सिक्स तरी लागेल."

मग मी औरंगाबादला गेलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदानं एसटी जालन्यातच थांबली, अर्धा दिवस स्टँडवर काढला. दुकानात टाय लावलेला एक पोरगा होता, तो मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "घरी व्हिडिओ एडिटिंग? फोर-एट-सिक्सशिवाय विषयच नको. रॅम आठ एमबी. आणि एक कार्ड मुंबईहून मागवावं लागेल." त्यानं एक चित्र चालवून दाखवलं. काड्यापेटीएवढं चित्र, तेही उचकी लागल्यासारखं चालायचं. मी म्हणालो, मला चित्राचं काही नाही, गाणं आणि त्याखालचा आवाज वेगळा व्हायला पाहिजे. त्यानं जरा विचार केला. "मग आणखी पॉवरफुल लागेल."

मला तेच ऐकायचं होतं. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी घरी येऊन मायला समजावून सांगितलं, की बोअरचं पाणी खाली गेलं की आपण मोठी मोटर टाकतो, तसंच हे. तिला लगेच पटलं. "मग किती हार्सपावरची घ्यायची?" आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर सांगत सुटली, "आमचा ल्योक मोठी मशीन आणायलाय. पोरीचा आवाज निघणार हाय."

मी वहीत मेगाहर्ट्झ मांडायला लागलो. कोणत्या मशीनला किती रॅम, कोणती डिस्क किती मोठी. आमच्या गावात तोवर कॉम्प्युटर कुणी डोळ्यानं बघितला नव्हता आणि मी ओट्यावर बसून प्रोसेसरवर भाषणं द्यायचो. परभणीच्या सरांशी तर भांडलोसुद्धा. "तुम्हाला काय कळतं," असं त्यांना तोंडावर म्हणालो.

शेवटी कुणीतरी हैदराबादच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. आवाजाच्या कामात त्याचा जन्म गेला होता. रेडिओच्या सांगाड्यांनी भरलेल्या गल्लीत त्याचं दुकान शोधून काढलं. त्यानं कॅसेट लावली, कानाला हेडफोन लावला आणि तेवढाच तुकडा तीनदा ऐकला.

"गाना किसने भरा?"

"मैंने."

"असल कॅसेट?"

"उसपे दूसरी शादी है."

त्यानं हेडफोन काढून ठेवला. "मियाँ, नीचे कुछ हैच नै. मशीन क्या निकालेंगी?"

मी भडकलो. फोर-एट-सिक्सच्या वरचं मशीन असेल तर, असं विचारलं. बोअरच्या मोठ्या मोटरचं उदाहरण त्यालाही दिलं आणि माझी वही त्याच्यापुढं आपटली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. "बोअर सूखा है मियाँ. मोटर कित्ती बी बड़ी डालो." आणि पोटच्या पोराला द्यावा तसा माझ्या हातात चहाचा कप दिला.

खरं सांगतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाणं भरायचं बटन दाबलं की आधीचा आवाज पुसला जातो, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? शेकडो लग्नांत ते मी दाबलं होतं. पण मायनं "खालचा" म्हटलं आणि मीही खाली काहीतरी आहे असं धरून चाललो. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा माय सूप घेऊन ओट्यावर ज्वारी निवडत होती. पिशवी खांद्यावरून न काढताच मी सगळं सांगून टाकलं. "माय, खाली आवाज न्हाईच. गाणं भरताना पुसला. मीच पुसला. कोणतीच मशीन तो काढू शकत न्हाई."

तिचा हात थांबला नाही. दोन खडे काढून तिनं बाजूला टाकले.

"उखाणा मला पाठ हाय रे," ती म्हणाली. "कुठं अडकली ते बी ध्यानात हाय. पर म्हणून बघते तर माझाच आवाज येतो. तिचा कसा होता तेच ध्यानात येईना झालंय."

मलाही तो आठवत नव्हता.

आणखी एक खडा बाजूला टाकून तिनं विचारलं, "हैदराबादच्या फुडं कोणतं मोठं गाव लागतं?"

"माय, आत्ताच सांगितलं ना मी तुला..."

"गाव कोणतं, ते इचारायलेय."

"मद्रास," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. पिठाचा डबा उघडल्याचं ऐकू आलं. प्रवासाला टिकतील म्हणून ती दशम्या करायला बसली होती. मी पिशवीतून कॅसेट बाहेर काढली नाही.