तीन शिट्या

लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. त्यातून विषयही कुकीजचा. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ताईला पाहायला डिचोलीची माणसं येणार होती. ताई मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. तिच्याच पगारावर मी पणजीत शिकतो. हे स्थळ तिला मनापासून आवडलं होतं. मुलाशी ती फोनवर बोलली होती आणि तेव्हापासून घरात गुणगुणत फिरायची.

आई चकल्या करणार होती. त्यासाठी घरी आलेल्या मीच म्हटलं, काहीतरी वेगळं करू. ओव्हन आमच्याकडे नाही. जुन्या कुकरच्या तळाला मीठ पसरलं, झाकणाची रिंग आणि शिटी काढली. लोणी, पिठीसाखर आणि मैदा मळून त्यात आमच्याच झाडाच्या काजूचे तुकडे घातले. पहिला घाणा खालून करपला. दुसरा चांगला झाला. ताई ड्यूटीवरून आली तेव्हा घरभर वास होता.

“ही बिस्कुटां बायनच केली, कळला मां?” आईनं मला बजावलं. पाहायला येणाऱ्यांच्या पुढ्यातलं सगळं मुलीनंच केलेलं असतं, असा आमच्याकडे रिवाज. मी मान हलवली.

मुलाच्या आत्यांनी एक कुकी खाल्ली, दुसरी उचलली.

“बेकरीतली नव्हेत ही. घरी केलीस, बाय?”

“हो. कुकरमध्ये,” ताई म्हणाली.

“कुकरात? ती कशी?”

ताईनं एकदा आईकडे पाहिलं. “तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करायचा.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. “शिटी काढून ठेवायची असते, ताई,” मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मीठ, रिंग, मंद आच, सगळं सांगत गेलो. मला येणारं काही कोणी विचारलंय, याचाच आनंद झाला होता. सांगून संपलं तेव्हा कळलं, खोलीत माझ्याशिवाय कोणीच बोलत नव्हतं.

“मग आम्ही बघायला आलो ते कोणाला?” मुलाचे काका म्हणाले. “ह्यालाच घेऊन जाऊ या.”

सगळे हसले. मुलगाही हसला. ताई कपांकडे बघत बसली. आत्यांनी हातातली कुकी ताटलीत परत ठेवली.

ते गेल्यावर आई म्हणाली, “तुका कॉलेजात गप रवाक शिकवणत नाय?”

“असू दे गे,” ताई म्हणाली. “माकाच खोटा बोलाक येणा नाय.”

मला बरं वाटावं म्हणूनच ती तसं म्हणाली, आणि तेच जास्त लागलं.

मी पणजीला परतलो. घरून फोन आला की मी लगेच उचलायचो, आणि बाबा जेवलास का एवढंच विचारायचे. शेवटी एकदा म्हणाले, “डिचोलीसून निरोप इलो. पत्रिका जुळणा नाय म्हणतत.”

पत्रिका तर त्यांनी आमच्याकडे येण्याआधीच जुळवून घेतली होती.

“ताईला सांगितलंत?” मी विचारलं.

“फोन तिनाच घेतलेलो,” बाबा म्हणाले.