बिनवासाचं औषध

पंपवाल्यांना लोक घरी बोलवायचे ते चोरून. मुंग्या झाल्या तर माणसं चारचौघांत सांगतात, झुरळांवर तर गप्पा रंगतात, पण ढेकूण झाले म्हणजे जणू घराण्याला बट्टाच लागला. फोनवरचा आवाज एकदम खाली यायचा. "जरा येऊन जाता का? आणि पंप पिशवीत घालून आणा हं. जिन्यात कुणी विचारलं तर नळ बघायला आलोय म्हणा." पंपवाले म्हणायचे, बरं. असे न बघितलेले इतके नळ त्यांच्या नावावर जमा होते, की खऱ्या नळवाल्याने त्यांचा हेवा करावा.

काम मात्र चोख. घरात शिरल्या शिरल्या पंपाला हात नाही. आधी खिशातून टॉर्च निघायचा आणि एक जुनापुराणा पत्ता, किलवरचा गुलाम. गादीच्या शिवणीतून तो पत्ता ते हळूहळू फिरवत न्यायचे, पलंगाच्या सांध्यांत घालायचे, भिंतीवरच्या तसबिरीमागे, स्विचबोर्डाच्या फटीत. पत्त्याच्या कडेला काळे डाग लागले की कळायचं, मंडळी इथेच आहेत. मग घरच्यांना बाहेर काढून, दारं-खिडक्या लावून औषध मारायचं. त्याचा वास असा उग्र, की पुढच्या जिन्यातला माणूसही नाकाला रुमाल लावी. निघताना ते सांगायचे, "पंधरा दिवसांनी पुन्हा येतो, अंडी राहिलेली असतात. आणि एक लक्षात ठेवा. आधी बघायचं, मग मारायचं. न बघता मारलेलं औषध म्हणजे नुसतं मनाचं समाधान."

किलवरचा गुलाम घरच्याच पत्त्यांतला. त्यामुळे घरात पत्ते होते, पण डाव मांडायची सोय नव्हती. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे गुलाम कामाला जातो आणि राजा-राणी घरात बसून असतात."

ही बायको मोठी कडक. लग्न होऊन आली तेव्हाच तिने बजावलं होतं, "जगातले ढेकूण खुशाल मारत हिंडा. माझ्या उंबऱ्याच्या आत एक जरी आला तर तुम्ही पंपासकट बाहेर." पंपाची पिशवी खाली जिन्याखाली ठेवायची, वर आणायची नाही. दाराला लागूनच न्हाणीघर. कामाचे कपडे तिथेच उतरवून तिने ठेवलेल्या उकळत्या पाण्याच्या बादलीत बुडवायचे, आंघोळ करायची आणि मगच घरात यायचं. त्याआधी चहा तर सोडाच, घरात कोण आलंय हेसुद्धा ती सांगायची नाही. पंपवाले कुरकुरायचे, पण ऐकायचे. सगळा जन्म ढेकणांत गेला आणि घरात एक ढेकूण निघाला नाही, याचं श्रेय ते स्वतःकडे घेत. ते होतं तिचं.

मग एका सकाळी तिच्या हातातला कप खाली पडला आणि तो उचलायला हात पुढे आलाच नाही. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परतलं, पण मन कुठे कुठे भरकटायला लागलं. भर दुपारी खुर्चीत तिला तिची गेलेली बहीण दिसायची. "अहो, तिला चहा विचारा ना," ती म्हणायची. कधी छतावर मुंग्यांची रांग दिसायची आणि ती डोळ्यांनी तिचा माग काढत पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला धक्का बसलाय, असे भास होणार. वाद घालू नका. हो ला हो म्हणा." तिची छातीही नाजूक झाली होती. खोलीत धूर नको, अत्तर नको, कसलाही उग्र वास नको, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

लेक परगावी नांदत होती, जमेल तशी येऊन जायची. शेजारीण भली. पंपवाले कामाला गेले की ती येऊन बसे आणि ते दारात दिसले की आपल्या स्वयंपाकाकडे पळे. मग पंपवाल्यांची धांदल. बायकोला कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, दोन घास भरवायचे. उकळत्या पाण्याची बादली आता कोण ठेवणार? पिशवी ते दाराशीच टाकायचे आणि त्याच कपड्यांनी पलंगाच्या कडेवर बसून तिला मऊ भात भरवायचे. पहिल्या पहिल्यांदा ती त्यांच्या शर्टाकडे बघून म्हणायची, "कपडे."

"हो गं, बदलतो. आधी तू खा."

पुढे पुढे तिने म्हणणं सोडून दिलं. पंपवाल्यांना वाटलं, विसरली.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, ढेकूण चावतात."

पंपवाले ताडकन उठले. तिला तसंच उचलून खुर्चीत बसवलं, टॉर्च काढला, गुलाम काढला आणि सगळी गादी, सगळा पलंग, भिंतीची प्रत्येक चीर बघितली. काही नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा तेच सांगितलं, त्यांनी पुन्हा सगळं बघितलं. स्वच्छ. तिसऱ्यांदा तिने सांगितलं तेव्हा तिचे डोळे छतावर होते, मुंग्यांच्या मागे. पंपवाल्यांनीही वर बघितलं आणि त्यांच्या मनाने घेतलं, हे ढेकूण त्याच मुंग्यांच्या गावचे. हो ला हो म्हणायचं.

खरं औषध तिच्या खोलीत मारता येत नव्हतंच. रविवारी त्यांनी पंपात नळाचं पाणी भरलं. शेजारणीला हाताशी घेऊन बायकोला गॅलरीत खुर्चीवर बसवलं, दारं-खिडक्या लावल्या आणि आत पंपाचा फसफस आवाज करत कोपऱ्याकोपऱ्यात थोडं थोडं पाणी उडवलं. दाराआडून मोठ्याने बोललेसुद्धा, "इथे होते बघ, पळाले सगळे." त्या दुपारी ती शांत झोपली. किती तरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेलेली बघून पंपवाल्यांना भरून आलं. जन्मभर एवढी औषधं मारली, पण इतका गुण कशालाच आला नव्हता. मग दर रविवारी तोच कार्यक्रम ठरला.

तिने एकदा विचारलंच, "वास कसा येत नाही?"

"नवीन औषध निघालंय. बिनवासाचं. आजारी माणसांसाठीच असतं."

ज्या बाईने आयुष्यात त्यांच्या एका शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवला नाही, तिने या शब्दावर ठेवला. शेजारणीला तिने कौतुकाने सांगितलं, "आमच्या ह्यांनी माझ्यासाठी खास आणलंय."

तिच्या दंडावर लाल पुरळ उठली होती, एका ओळीत. गिऱ्हाइकाच्या हातावर तशी ओळ दिसली असती तर पंपवाल्यांनी बोलणं अर्धं टाकून गादी उलटी केली असती. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी अंगावर डाग येतात, असं डॉक्टर बोलले होते. पंपवाल्यांनी ती ओळ बघितली, त्यांना गोळ्या दिसल्या आणि त्यांनी वर खोबरेल तेल लावलं. गुलाम खिशातच राहिला.

मग एका रविवारी पंप मारून झाल्यावर ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "चावल्यासारखं वाटतं हो अजून. पण तुम्ही मारलंय म्हणता, तर मलाच भास होत असेल."

"होतात असे भास. आजारपणात चालायचंच."

"हो," ती म्हणाली. त्यानंतर तिने ढेकणांचं नाव काढलं नाही. चांगला हात तेवढा पांघरुणाखाली खाजवत असायचा. पंपवाल्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, "ढेकणांचं खूळ गेलं एकदाचं." त्यांचा आवाज हलका झाला होता. पुढच्या रविवारच्या आतच ती गेली, पहाटे, झोपेत.

लेक आली ती चार दिवस राहिली. निघायच्या आधी म्हणाली, "बाबा, पलंग आणि गादी कुणाला तरी देऊन टाकू. तुला रोज बघवणार नाही." पंपवाले हो म्हणाले. पण तपासल्याशिवाय गादी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही हाताची सवय. त्यांनी चादर काढली, खालचं रबरी कापड काढलं आणि भिंतीकडच्या शिवणीत गुलाम घातला. थोडा पुढे नेला. पत्त्याची कड काळी झाली.

शिवण उलटली तर आत दाटीवाटीने बसले होते. फुगलेले. हातांना कुणी सांगावं लागत नाही, अंगठा आपोआप गेला आणि एक चिरडला. गादीवर लाल डाग उमटला, अंगठा लाल झाला. पंपवाले त्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्या गादीवर तिच्याशिवाय कोणी झोपलेलं नव्हतं.

ते खाली बसले, जमिनीवर. लेक आतून आली. "बाबा? काय झालं?"

"खरं सांगत होती गं ती." त्यांनी अंगठा मुठीत धरला होता. "कळवळून सांगत होती आणि मी पाणी मारत होतो."

लेकीने गादी बघितली, मग दाराशी पडलेली पिशवी बघितली. ती म्हणाली, "तुला तरी कसं कळणार? डॉक्टरच म्हणाले होते ना, भास आहेत."

"मला कसं कळणार?" पंपवाले म्हणाले. "दुसरं काय कळतं मला?"

आणि ते रडले, लेकीसमोर, तोंड न लपवता. बायको गेली तेव्हाही असे रडले नव्हते. ती गेली याचं दुःख होतंच. पण शेवटी शेवटी तिने स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवायचं सोडलं आणि ते त्यांच्या शब्दाखातर, हे त्यांना सहन होईना.

थोड्या वेळाने ते उठले. लेकीला गॅलरीत त्याच खुर्चीत बसवलं, पंपात औषध भरलं, खरं, आणि खोलीत शिरून दार लावलं. कुठल्याच गिऱ्हाइकाकडे मारलं नव्हतं इतकं नीट मारलं, एकेक शिवण, एकेक सांधा, पलंगाचे पाय उलटे करून. बाहेर आले तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला होता. शेजारीण नाकाला पदर लावून दारात उभी होती.

"आज वास येतोय हो काका. काकू तर सांगायच्या, बिनवासाचं असतं म्हणून."

"हे जुनं आहे," पंपवाले म्हणाले. "ते तिच्यापुरतंच होतं."

"किती आराम होता बिचाऱ्यांना त्याचा. सारख्या सांगायच्या मला."

पंपवाल्यांनी मान हलवली. मग त्यांनी दाराशी पडलेली पिशवी उचलली, पंप तिच्यात घातला आणि तो घेऊन खाली गेले, जिन्याखाली, तिने ठरवून दिलेल्या जागेवर ठेवायला.