गिरणी चालू असताना

बाई गाणी ऐकायच्या त्या फक्त माझी गिरणी चालू असताना. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत खाली माझी पिठाची गिरणी आणि वरच्या खोलीत भाड्याने बाई. पट्टा फिरायला लागला, जातं घरघरायला लागलं, की वर टेपचं बटण दाबलं जायचं. मी मोटर बंद केली की वरचंही सगळं बंद. पहिले सहा महिने मला वर टेप आहे हेच ठाऊक नव्हतं. मी समजत होते, बाई वह्या तपासतात.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. त्या गारगोटीकडच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. तिशीच्या, लग्न न केलेल्या, बौद्ध घरातल्या. चार ठिकाणी आडनाव विचारून लोकांनी खोली नाही म्हटलं होतं. मी विचारलं नाही. मी काही थोर बाई नाही. त्या खोलीत गिरणीचा दणका बसतो म्हणून भाडेकरू महिन्याभरात पळून जायचे, ती वर्षभर रिकामी होती. मी पहिल्यांदाच सांगितलं, "आवाज लई हाय. डोकं उठतंय." बाई म्हणाल्या, "आवाज चालेल मला." मला वाटलं, गरज आहे म्हणून म्हणते बिचारी.

एकदा संध्याकाळी पाण्याची टाकी भरली का बघायला मी वर गेले. खाली शाळू दळायला पडला होता, भिंती हादरत होत्या. खोलीचं दार थोडं उघडं होतं. आत बाई नाचत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले, कोपरं अंगाला चिकटवून नुसते खांदे हलवत होत्या. ज्या बाईंनी एक टाळी वाजवली की चाळीस पोरी गप्प बसतात, त्या बाई. मी म्हटलं, "टाकी भरली काय?" त्यांनी टेपवर असा हात मारला, जसं झुरळच मारलं.

मग बसल्या कॉटवर आणि म्हणाल्या, "काकी, हे आपल्या दोघीत हं."

कॅसेटी दहा होत्या. वर सुबक अक्षरात लिहिलेलं, कविता पाठांतर एक, कविता पाठांतर दोन, असं दहापर्यंत. आत कविता नव्हत्याच. बाईंचा भाऊ पुण्याला कारखान्यात होता. तिथल्या कुणा मित्राकडून तो विलायती गाणी भरून आणायचा, तेव्हा बाई शाळेत शिकत होत्या. ढोलकी नाही, पेटी नाही, सगळं बटणावरचं वाजवणं. मागे यंत्र टकटक पळतंय आणि पुढे कुणी गडी रडवेल्या आवाजात गातोय. मी विचारलं, "ह्यो रडतोय कशाला?"

"बहुतेक मुलगी सोडून गेली."

"मग एवढ्या घाईनं कशाला रडतोय?"

बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "गाणी भिकार आहेत, काकी. मला कळतं. मी मुलींना अभंग शिकवते, चांगलं काय ते मला माहीत आहे. पण मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची आहेत ही." आणि मला विचारलं, "तुम्ही पंधराव्या वर्षी काय ऐकायचात?"

मी म्हटलं, "थोरला पोटात होता."

बाईंनी कॅसेट उलटी फिरवून पहिल्यापासून लावली आणि मला बसायला उशी दिली. खाली शाळू जरा जास्तच बारीक झाला त्या दिवशी.

एवढं लपवायचं कशाला, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलंच. नाचगाणं म्हणजे काय चोरी आहे? बाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाईचा पाय घसरला तर लोक म्हणतात, घसरला. माझा घसरला तर म्हणतात, असंच असणार." त्यांना मुख्याध्यापिका व्हायचं होतं. शाळेतल्या सगळ्यांत त्यांचं शिक्षण जास्त होतं, नोकरीची वर्षंही भरत आली होती. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडून गेले, त्यांना ही मुलगी शाळेच्या त्या खुर्चीवर बघायची होती. त्यामुळे बाई साडीच्या निऱ्यासुद्धा मोजून घालायच्या. मोकळं होण्यापुरती त्यांना माझी गिरणी होती.

आता चूक कशी झाली ते सांगते. गिरणीची मोटर सुरू झाली की माझ्या घरातली वीज कमी व्हायची. दिवा पिवळा पडायचा आणि बाईंचा टेप म्हशीसारखा रेंगाळायचा. रडणारा गडी नुसता विव्हळायला लागायचा. म्हणून बाईंनी टेपला सेल घातले. गाणं सरळ चालायला लागलं. पण सेलवरच्या टेपला वीज गेली तरी काही होत नाही, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

ते भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक मी दाराला चिकटवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी वीज वेळापत्रक सोडून गेली. गिरणीत सात-आठ बायका डबे रांगेत लावून बसल्या होत्या. पट्टा फटफट करत थांबला, जातं थांबलं आणि डोक्यावर गाणं. जोरात. वर पाय आपटल्याचा आवाज, टाळ्या, आणि बाई स्वतः त्या गड्याबरोबर ओरडून गात होत्या. रांगेत पहिली होती ती शाळेच्या सेक्रेटरींची बायको. आम्ही सगळ्या तिला वहिनी म्हणायचो.

वरचा आवाज तोडल्यासारखा बंद झाला. वहिनींनी वर बघितलं. "कोण गं नाचतंय?"

मी म्हटलं, "माझा टेप हाय. मी लावून आलो, बंद करायचा ऱ्हायला."

"आणि गात कोण होतं?"

"टेपातली बाई."

"तू विंग्रजी ऐकतीस व्हय? तुला कळतंय काय त्यातलं?"

"तुला भजनातलं समदं कळतंय काय? टाळ तर वाजवतीस की."

बायका हसल्या. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ट्रंक भरायला लागल्या आणि कॅसेटी एका पिशवीत घालून मला म्हणाल्या, "चुलीत घाला." मी पिशवी घेतली, चुलीत घातली नाही. बाईंचा टेपही उचलून खाली आणला आणि गिरणीतच वजनकाट्याशेजारी मांडला. बाईंना हाक मारून म्हटलं, "टेप माझा हाय म्हटल्यावर मला लावायला पायजे का नको? ट्रंक रिकामी करा."

एक खोटं बोलले आणि रोज वाजवावं लागलं. वर्ष-दीड वर्ष मी ती गाणी बायकांसमोर वाजवली. टेपात पीठ जायचं, दाढीच्या ब्रशनं झाडायची. गल्लीत मला विंग्रजी काकी म्हणायला लागले. माझा धाकटा म्हणाला, "आये, तुझं वय काय, तू ऐकतीस काय?" मला लाज वाटली, खरं सांगते. पण हळूहळू ती गाणी मला आवडायला लागली. चौथ्या कॅसेटीतलं एक गाणं पट्ट्याच्या सांध्याच्या टकटकीशी बरोबर जुळायचं. ते लागलं की मी मुद्दाम जाडसर दळण घ्यायची, म्हणजे ताल चुकत नसे.

बाई शाळेतून आल्या की खाली येऊन पोत्यावर बसायच्या, काकींची गाणी ऐकायला आल्यासारख्या. पाय हलायचा, बाकी काही नाही. त्याच पोत्यावर त्यांनी मला लिहायला लावलं. मी चौथी पास, तीही चाळीस वर्षांपूर्वीची. "रोज एक पान लिहा, काकी. काही लिहा." मी लिहायची, "मी बाजारात गेलो." त्या म्हणायच्या, "बोलताना गेलो बोला, लिहिताना गेले लिहा. दोन्ही आपलंच." आज हे लिहिते आहे ते त्या पोत्यावरचं शिक्षण. मला वाटायचं, माझ्या खोट्याची भरपाई करतात. पण त्यांना ते खोटं टोचत होतं, हे मला समजलं नाही.

मुख्याध्यापिकेची निवड आठ दिवसांवर आली होती. तेव्हा एके दिवशी बाई खाली आल्या. वहिनींचंच दळण चालू होतं, टेपही चालू होता. बाई म्हणाल्या, "काकी, मोटर बंद करा."

"अवो, दळण पडलंय."

"बंद करा म्हणते ना." पोरींना गप्प करणारा आवाज होता तो. मी बंद केली. जातं थांबलं, गाणं चालू राहिलं, सगळ्यांना ऐकू येईल असं. बाईंनी ते बंद केलं नाही. काट्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, हा टेप माझा आहे. त्या दिवशीही माझाच होता. गात मीच होते. काकी माझ्यासाठी खोटं बोलल्या."

मला वाटलं, संपलं. एवढी वर्षं मोजून घातलेल्या निऱ्या गेल्या पिठात.

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं. "नाचता पण?"

"नाचते."

"शाळंत न्हाय न्हवं?"

"शाळेत नाही."

"मग झालं की. काकी, मोटर लाव. घरात पावणं बसल्यात."

मागून काय बोलल्या असतील त्या बोलल्या असतील. बाई मुख्याध्यापिका झाल्या, पण इथल्या शाळेत नाही, त्याच संस्थेच्या गारगोटीच्या शाळेत. बढती दिली की लांब टाकली, ते मला ठाऊक नाही. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "काकी, आईच्या घरापासून चालत दहा मिनिटं आहे. आणि त्या शाळेत कुणी मला विचारलं, काय ऐकता, तर मी सांगणार आहे."

टेंपोत ट्रंक चढली. नऊ कॅसेटी आणि टेप त्यांनी माझ्याकडेच ठेवला, एक कॅसेट पर्समध्ये घालून नेली. मी म्हटलं, "चौथी नेऊ नका." म्हणाल्या, "चौथी तुमचीच आहे." वर गेले तर खोली झाडून ठेवलेली होती आणि उशी माझ्या बसायच्या जागेवर.

आता बाई निवृत्तीला आल्या. दिवाळीला फोन येतो, आणि मी काय लिहिलं ते पहिल्यांदा विचारतात. गिरणी मुलांनी बंद केली, मोटर काढून विकली, जातं अंगणात पडलं आहे. गल्ली इतकी शांत झाली आहे की शेजारचा खोकला ऐकू येतो. त्या गाण्यांतलं मला अजून काही कळत नाही. मी पंधरा वर्षांची असताना ती नव्हतीच. पन्नाशीत ऐकली. तेही चाललं.

संध्याकाळी मी चौथी कॅसेट लावते. खिडकी उघडी ठेवते. जोरात लावते. टेपला सेलच आहेत, वीज गेली तरी थांबत नाही.