रेशमाची गोष्ट आणि चुडामण सरांचा उपरोध

रेशमा अकरावीला माझ्या पुढच्या बाकावर बसायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून ती चोपड्याला शिकायला आली होती आणि वसतिगृहात राहायची. मी चेलना, गावातल्या कापड दुकानवाल्यांची मुलगी. आमची ओळख पेन मागण्यापुरती होती.

आम्हाला मराठी शिकवायला चुडामण सर होते. त्यांचा तास कोणी बुडवत नसे. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ते गोष्ट सांगत. एक म्हातारा बारा वर्षं विहीर खणतो, आणि पाणी लागतं त्या दिवशी गाव उठून गेलेलं असतं. "याला म्हणतात उपरोध," सर सांगत. मग खुनी माणसानं स्वतः सांगितलेली गोष्ट. "लिहिणाऱ्यानं खून केला का? नाही ना? मग गोष्टीतला 'मी' म्हणजे निवेदक. लेखक नव्हे."

एकदा त्यांनी सगळ्यांना एकेक गोष्ट लिहून आणायला सांगितलं. आम्ही बहुतेकांनी इकडून तिकडून उतरवून आणली. रेशमानं पानभर स्वतःची लिहिली.

तिचा बाप मगन मध काढायला उंबरावर चढला. आई गेंदा घरी हंडी घासून वाट बघत होती. दुपारी चौघं जण खाट खांद्यावर घेऊन उतारावरून येताना दिसले. खाटेवर घोंगडी होती. गेंदाला वाटलं, एवढ्या जणांना उचलावं लागतंय म्हणजे मध पुष्कळ आहे. मध मिळाला का म्हणून तिनं अंगणातूनच हाक मारली, "मध मियना का?"

सरांनी ते पान वर्गात वाचलं. शेवटची हाक त्यांनी बाईच्या आवाजात, मान वेळावून मारली. वर्ग हसत सुटला. त्यांनी पुन्हा मारली. मी डोकं बाकावर टेकवून हसले.

"बघा, माणूस मेलाय आणि आपण हसतोय," सर खूश होऊन म्हणाले. "इतका नेमका उपरोध छापलेल्या पुस्तकातही सापडायचा नाही."

रेशमा उभी राहिली. "सर, ती गोष्ट नाही. माझा बाप आहे तो."

"निवेदक आणि लेखक एक नसतात. मंगळवारीच शिकवलं होतं. बस खाली."

आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

त्या दिवसापासून ती जिन्यात दिसली की कोणीतरी हाक मारायचं, "मध मियना का?" मीही दोनदा मारली. एकदा ती वळली. मी मैत्रिणीकडे बघत राहिले.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. रेशमा समूहगीतात होती म्हणून गेंदाबाई सकाळच्या एसटीनं आली. मांडवात मागच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं ती बसली. पायातल्या चपला काढून तिनं खुर्चीखाली नीट ठेवल्या. गाणं झालं. मग सरांनी बसवलेली नाटिका लागली. आमच्या वर्गातला अर्पित लुगडं नेसून, पोटाला उशी बांधून आला आणि हंडी घासू लागला. मांडवात हशा उठला. गेंदाबाईही तोंडाला पदर लावून हसली. चार पोरं खाट घेऊन आली. अर्पितनं हाक मारली. तीच.

टाळ्या, शिट्ट्या. गेंदाबाईचा पदर तोंडावरच राहिला. तिनं मला हळूच विचारलं, "ते मन्हंच व्हतं ना?"

ते तिचंच होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तेवढ्यात रेशमा धावत आली. आई तिला म्हणाली, "बठ्ठा हासत व्हतात, म्हनीसन मी बी हासनू." सगळे हसत होते म्हणून आपणही हसलो, हे तिनं तीनदा सांगितलं. मग चपला न घालताच उठली.

नाटिकेला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी रेशमा प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "नाटकात तुझं नाव होतं का? आईचं होतं का? मग तक्रार कसली?" सरांना हे कळलं. पुढच्या तासाला त्यांनी तिला उभं करून विचारलं, "साहित्यात राहायचंय की पोलीस ठाण्यात?" यावरही वर्ग हसला.

वार्षिक परीक्षेत प्रश्न होता : उपरोध म्हणजे काय ते कथेतील उदाहरणासह लिहा. रेशमानं लिहिलं की एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणावर हसायला लावलं, आणि हसवणाऱ्याला बक्षीस मिळालं. सरांनी तो पेपर आम्हाला वाचून दाखवला. शून्य दिलं होतं. शेरा होता, 'कथेचे नाव नाही.' ती मराठीत नापास झाली आणि जूनमध्ये परत आली नाही.

याला अकरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत मी माहेरी दुकानात बसले होते, तेव्हा दोघी आल्या. रेशमा आता पाड्यावर आशा सेविका आहे. गेंदाबाईला लुगडं हवं होतं. मी चार रंग उलगडून विचारलं, "कोणता देऊ, अक्का?" ती लेकीकडे बघत राहिली.

"ती बाहेरच्यांसमोर बोलत नाही," रेशमा म्हणाली. "मागं पोटात दुखत होतं, तर दवाखान्यातसुद्धा नाही बोलली. मी पोचेपर्यंत आतडं फुटलं होतं. जगली कशीबशी."

मी हातातली घडी खाली ठेवली. मी म्हणाले, "रेशमा, त्या वेळी मी पण हसले होते. माफ कर."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "पन्नास जण होते," ती म्हणाली. "तू त्यातली कोणती, मला आठवत नाही."

गेंदाबाईनं हिरव्या लुगड्यावर बोट ठेवलं. मी ते कागदात बांधून दिलं.