अप्पांनी एकदाच विचारलं

माझ्या लग्नाला अप्पा आले नाहीत. सांगलीत रजिस्टर लग्न झालं. आई आली, तीही एकटीच, एसटीनं. माझ्या हातात डबा देत म्हणाली, "ते घरीच हायत. सकाळपासनं जेवले न्हाईत."

अप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कराडला लागून मलकापुरात घर बांधून राहिले. आजूबाजूला सगळी ऊसवाल्यांची घरं, बहुतेक घरांत एखादा फौजी. त्यात कॅथलिक घर आमचं एकटंच. बर्फातल्या चौकीवर अप्पांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली होती, त्यामुळे ते टाचेवर भार देऊन चालायचे. तरी रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांनी कधी चुकवली नाही. आमच्याकडे फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी अप्पा आम्हाला घेऊन पहाटेच्या एसटीनं मिरजेच्या चर्चला जायचे. रोज संध्याकाळी सातला सगळ्यांनी गुडघे टेकून जपमाळ म्हणायची. मधेच कुणी शेजारी आला तर तोही चपला काढून भिंतीशी गप्प बसायचा, कारण अप्पा उठणार नाहीत हे गावाला माहीत होतं.

ते कडक नव्हते. आई आजारी असली की माझ्या वेण्या तेच घालायचे, बुटाची नाडी बांधावी तशा करकचून. शाळेत दिवसभर डोकं ताणलेलं असायचं, पण मी कधी तक्रार केली नाही.

मी जैन मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चर्चात न्हाई?"

"नाही, अप्पा."

"मग मला येता यायचं न्हाई, बाळा."

ओरडले असते तर मी भांडले असते. ते उठून झाडांना पाणी घालायला गेले.

दोन वर्षं त्यांनी माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. फोन केला की "आईला देतो" म्हणायचे. मला मुलगी झाली आणि दवाखान्यातून घरी आले, त्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. अप्पा उभे होते, हातात दारच्या झाडाचे पेरू. आत आले, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि म्हणाले, "आण इकडं." नातीला मांडीवर घेऊन ते किती वेळ नुसते बघत बसले. सासूबाईंनी जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. अप्पांनी घड्याळाकडं पाहिलं आणि जेवायला बसले. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही.

मग दर महिन्याला येऊ लागले. मुलगी आठ महिन्यांची असताना एका दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. त्यांनी विचारलं, "हिचा बाप्तिस्मा करू द्याल का तुमी?"

"नाही, अप्पा. मोठी झाली की तिचं ती ठरवेल."

ते मुलीकडं बघत राहिले. मला त्या बघण्याचा राग आला. मी म्हणाले, "आता मी बाहेर गेले की गुपचूप तिच्या डोक्यावर पाणी घालाल. अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, तुम्हीच शिकवलंय."

हे वाक्य आठवलं की मला अजून लाज वाटते.

अप्पा चिडले नाहीत. हळू आवाजात सांगू लागले. "आमच्या चौकीवर पाटण भागातला एक जवान हुता. छातीत पाणी झालं. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. इचारलं, काय पायजे गड्या? म्हणला, आमच्या देवाचं, नाईकबाचं नाव घे. माझ्या तोंडात सारखं येशूचं नाव येत हुतं. त्याच्या कानात घालावं असं लय वाटत हुतं. पण त्यानं मागितलं तेच दिलं. नाईकबाच्या नावानं चांगभलं, नाईकबाच्या नावानं चांगभलं, तो जाईस्तवर म्हणत ऱ्हायलो."

"मग?"

"सुट्टीवर आल्यावर फादरना पापनिवेदनात सांगितलं. ते म्हणले, ह्यात पाप कुठं हाय?" अप्पांनी मुलीचा पाय अंगावरच्या दुपट्यात नीट घातला. "तुला न इचारता हिच्या डोक्याला पाणी लावीन व्हय मी?"

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. मुलगी सात वर्षांची झाली.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी मुलीला घेऊन मलकापूरला गेले आणि तिथंच राहिले. संध्याकाळी सातला अप्पा डावा हात उचलून खिळ्याला टांगलेल्या जपमाळेकडं दाखवायचे. आई म्हणायला बसली की तिसऱ्या-चौथ्या मण्याला तिचा आवाज फुटायचा. मग मी म्हणू लागले. नऊ-दहा वर्षं मी जपमाळ हातात धरली नव्हती. मधेच चुकले की अप्पा माझं बोट दाबायचे. मी मागून पुन्हा सुरू करायचे.

एका संध्याकाळी जप संपला, आई स्वयंपाकघरात गेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, माझ्या लग्नाला यायला पाहिजे होतं तुम्ही."

त्यांचे डोळे भरले. तोंड हलू लागलं. घशातून आवाज येत होता, शब्द होईना. कपाळावर घाम आला. मी म्हणाले, "राहू द्या, अप्पा, राहू द्या." तरी ते थांबेनात. चुकलो म्हणत होते, की तेव्हाही येता आलं नसतं आणि आजही नसतं म्हणत होते, मला कळलं नाही. त्यांना बोलता येत होतं तेव्हा सात वर्षं ते महिन्याच्या महिन्याला माझ्यासमोर बसले होते. तेव्हा मी विचारलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत ते गेले. सकाळी फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून गेले आणि दुपारी आई पाणी पाजायला गेली तेव्हा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी आसपासचे निवृत्त फौजी कोट घालून, छातीवर मेडलं लावून आले. मी शवपेटीजवळ उभी होते. त्यांतला एक म्हातारा पुढं आला. "ताई, तुमी जरा मागं व्हा. आमच्या हवालदाराला आमी नेतो." त्यांनी पेटी खांद्यावर घेतली, एका कोपऱ्याला माझा नवरा लागला. तो बाकीच्यांपेक्षा उंच, पेटी कलायला लागली, म्हणून गुडघ्यात वाकून चालत राहिला.

सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या. डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या आणि उभं कधी राहायचं, हे मला खुणेनं विचारत राहिल्या.

दफनभूमीत सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझी मुलगी टाकेना. म्हणाली, "आजोबांना लागेल." कुणी तिला समजावलं नाही. तिच्या बापानं तिला उचलून कडेवर घेतलं. मी माझी मूठ सोडली. काळी, ओली माती होती, तळहाताला चिकटून राहिली. आईनं माझा हात धरला आणि आपल्या पदरानं एकेक बोट पुसत बसली, मी लहान असल्यासारखी.