ग्रामसभेला हजर असलेला मयत

नोकरीत मी पुष्कळ प्रेतं पाहिली. त्यांची भीती कधी वाटली नाही. वाटली ती एका अंगठ्याची, आणि तो अंगठा अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी देवरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या गावाच्या जंगलातून उच्च दाबाची वीजवाहिनी जायची होती. जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क, त्यामुळे ग्रामसभेच्या संमतीशिवाय तिथं कुऱ्हाड लावता येत नव्हती. एका सकाळी हजेरी चालू असताना गावच्या वनहक्क समितीतली एक बाई माहितीच्या अधिकारात काढलेली ठरावाची नक्कल घेऊन आली. संमतीच्या ठरावाखाली समितीच्या अध्यक्षाचा अंगठा होता. बाई म्हणाली, "साहेब, हा बुढा सभेच्या दोन महिने आधी मेला. मातीले मी होती."

बनावट अंगठा, दुसरं काय असणार! मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि मृत्यूची नोंदवही मागवली. बाईचं खरं होतं. मग म्हाताऱ्याच्या जुन्या वनहक्क दाव्यावरचा अंगठा तहसीलमधून मिळवला आणि मूळ ठरावासोबत अंगुलीमुद्रा तज्ज्ञांकडे पाठवला. अहवाल आला, दोन्ही ठसे एकाच माणसाचे. माझ्या हवालदारानं त्या दिवसापासून ती फाइल हातात घेणं सोडलं.

गावात जबाब घ्यायला गेलो तर भलतंच. सभा भरली होती, पण कोरम न झाल्यानं ठराव न होताच उठली होती. तरी तीन जणांनी, वेगवेगळं बसवून विचारल्यावर, सांगितलं की बुढा आला होता, मागे खांबाला टेकून बसला होता. मग त्याच्याशी बोललात का नाही, असं विचारलं, तर एक जण म्हणाला, "मेलेल्या माणसाशी कोन बोलते जी?" कागदावर लिहिलेलं लोकांना आठवायला लागतं, हा माझा जुना अनुभव. पण वेगवेगळं बसवलेल्या तिघांना एकच खांब आठवला होता. भर दुपारी तिथं बसून पंचनामा लिहिताना त्या खांबाकडे माझी पाठ होऊ नये म्हणून मी दोनदा खुर्ची फिरवली.

वीजवाहिनीच्या कंपनीसाठी संमत्या गोळा करणारा दलाल चौकशीला आला तो हसतच. दर वाक्याला 'सरजी'. कागद जुना आहे हे त्यानं आपणहून मान्य केलं. "सरजी, बुजुर्ग ने जीते जी अंगूठा दिया था. तारीख की जगह खाली थी." पुढे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आदेश निघाला की जुन्या संमत्या चालणार नाहीत, नव्यानं ग्रामसभा घ्या. तेव्हा कंपनीच्या कारकुनानं कोऱ्या जागी नव्या सभेची तारीख टाकली. माणूस मेलाय हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मला राग आला, पण ऐकायला पटण्यासारखं होतं. आता प्रश्न एकच उरला. अंगठा उमटला तेव्हा म्हातारा जिवंत होता का? असेल, तर जन्मभर जंगलासाठी भांडलेल्या माणसानं शेवटी गावाला दगा दिला होता.

हे त्याच्या बायकोला विचारणं भाग होतं. तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. सभेला येतो तो घरीही येतच असणार, असं लोक म्हणत. तिला भुताची भीती नव्हती. पण ती माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिली. मी पेन खिशात ठेवला, तेव्हा बोलली. प्रेताला हळद लावताना तिला अंगठ्यावर निळी शाई दिसली होती. दवाखान्यात मरता मरता यानं अंगठा देऊन टाकला, असं ती समजली. राखेनं घासला, निघेना. मग मूठ मिटवून हात कपड्यात गुंडाळला. म्हणाली, "गावाले दिसू नये म्हनून. तुमी बी कोनाले सांगू नका."

शाईची गोष्ट ऐकून मी तडक ग्रामीण रुग्णालयात गेलो. नर्सला तो दिवस आठवत होता. सलाईन काढल्यावर तिनं मयताचे दोन्ही हात स्पिरिटनं पुसले होते, आणि शाई अजिबात नव्हती. शववाहिका मिळाली नाही म्हणून दलालानं मेहेरबानी करून आपली गाडी दिली होती. म्हाताऱ्याच्या सोबत असलेल्या पुतण्याला मात्र त्यानं "तू पुढं जाऊन तयारी कर" म्हणत मोटारसायकलनं पिटाळलं होतं.

गाडीच्या ड्रायव्हरला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. दलालानं नाल्याजवळ गाडी थांबवायला लावली होती. "हात मी धरला होता, साहेब. अंगठा थंडा, शाई धरत नव्हता. दुसऱ्यांदा दाबला तं मले वाटलं, बुढा हात मागं ओढून राहिला." एवढं बोलून तो स्वतःचा हात पँटला पुसत राहिला. दलालाला अटक झाली, तो ठराव रद्द झाला आणि जंगल तूर्त वाचलं.

म्हातारीला सांगायला मी स्वतः गेलो. तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत. तिनं दोनदा विचारलं, "जिता असताना नाई देल्ला?"

"नाही, माय. मेल्यावर घेतला."

"मातीच्या वेळी मी त्याच्या तोंडात पानी नाई टाकलं जी," ती म्हणाली. "सारं गाव टाकून राहिलं होतं. मी नाई टाकलं."

गप्प बसलेला साक्षीदार काहीतरी लपवतो, एवढंच मला तोवर माहीत होतं. तो कधी कधी आपल्याच माणसाला झाकत असतो, हे मी म्हातारीच्या ओसरीवर शिकलो. आरोपपत्रात फसवणूक झालेला पक्ष म्हणून मी ग्रामसभा लिहिली. म्हातारीचं नाव साक्षीदारांच्या यादीत टाकलं. कायद्यात तिला दुसरी जागा नव्हती, आणि याचा मला आजही राग येतो.