फर्गस लॉकहार्टचा मुका शनिवार

एप्रिल अर्धा सरला तरी शिकागोजवळच्या नेपरव्हिलची थंडी हटायला तयार नव्हती. शनिवारी सकाळी साडेआठला फर्गस लॉकहार्टने व्हॅनचं मागचं दार उघडलं, चौदा बॉलची जाळी ओढून खाली टाकली आणि ती उचलण्याआधी दोन मिनिटं नुसताच उभा राहिला. उजव्या गुडघ्याची हल्ली आधी मनधरणी करावी लागे. साठ वर्षांचं वय, त्यातली एकतीस वर्षं याच गावात पोरींना फुटबॉल शिकवण्यात गेलेली. इथे त्या खेळाला सॉकर म्हणतात, पण तो शब्द फर्गसने कधी तोंडात येऊ दिला नव्हता.

आज तर कुठलाच शब्द तोंडात येऊ द्यायचा नव्हता. क्लबने या शनिवारी ‘सायलेंट सॅटर्डे’ ठेवला होता. वर्षातून एकदा हे व्रत असतं, फर्गसने ते आजवर कधीच पाळलं नव्हतं. त्या दिवशी आईबापांनी मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायचं नाही, कोचनेही नाही. टाळ्या वाजवल्या तर चालतात. ज्यांना अगदीच राहवत नाही त्यांच्यासाठी टेबलावर लॉलीपॉपचा डबा. एरवी ऑफिसात दहा-दहा माणसं हाताखाली असलेले बाप मुकाट्याने रांगेत उभे राहून लॉलीपॉप घेत होते.

बाकीच्यांसाठी ही गंमत होती. फर्गससाठी नव्हती. क्लबचा डायरेक्टर देवांग, वय चौतीस, जन्म शिकागोचा, माणूस सज्जन, याने मंगळवारी त्याला कॉफी पाजली होती. कॉफी पाजली तेव्हाच फर्गस सावध झाला.

“फर्ग, तुझ्याबद्दल मला किती आदर आहे, तुला माहीत आहे,” देवांग म्हणाला. अमेरिकेत चौतिशीतला साहेब साठीच्या माणसाशी असा एकेरीवर बोलतो आणि कुणाला काही वाटत नाही. “पण पालकांच्या तक्रारीच्या तीन ईमेल आल्यात. हे ओरडणं आता चालत नाही. शनिवारी मी स्वतः बघायला येतोय. पूर्ण मॅच एक शब्द बोलला नाहीस, तर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं. बोललास, तर बारा वर्षांखालच्या मुली मी दुसऱ्याला देणार.”

फर्गसजवळ त्या मुली सोडून दुसरं काही उरलेलं नव्हतं. बायको बारा वर्षांपूर्वी कंटाळून निघून गेली. मुलगी ओरेगनला असते, नाताळात फोन करते. सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रॅक्टिस आणि शनिवारी मॅच. उरलेले तीन दिवस तो या चार दिवसांच्या आशेवर ढकलत असे. तेही गेले तर सकाळी उठून करायचं काय, हे त्याला मंगळवारपासून सुचत नव्हतं.

हा माणूस इथे आला कसा, तेही सांगायला हवं. स्कॉटलंडमध्ये एअरशर म्हणून मुलूख आहे, तिथल्या कोळशाच्या खाणींच्या एका गावात तो जन्मला. बाप खाणीत. सोळाव्या वर्षी फर्गस एका दुय्यम क्लबात उमेदवारीला लागला. उमेदवारी म्हणजे थोरल्या खेळाडूंचे बूट घासायचे, प्रेक्षकांचा स्टँड झाडायचा आणि वेळ उरला तर खेळायचं. तिथला कोच विली शँड हा पाच फुटी माणूस, पण आवाज असा की शेजारच्या गावातलं कुत्रं उठून बसावं. सतराव्या वर्षी, तीन हजार माणसांसमोर फर्गसच्या पायातून एक बॉल सुटला. विली शँडने कमरेवर हात ठेवले, हनुवटी पुढे काढली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “तुझ्याऐवजी तिथे खांब रोवला असता, तरी बॉल निदान आपटून परत आला असता!” तीन हजार माणसं हसली.

मॅच संपल्यावर फर्गस स्टँडमागे जाऊन ओकला होता. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. वाक्य मात्र चाळीस वर्षं जिथे तिथे सांगितलं, बार्बेक्यूला, लग्नात, विमानात शेजारी बसलेल्याला. दर वेळी लोक हसत आणि तोही हसे.

पुढे अकरा वर्षं, तीन क्लब, दोनशे बारा मॅचेस, राइट बॅक म्हणजे उजव्या बाजूचा बचाव. गोल तीन, त्यातला एक आपल्याच जाळीत. एकदा एका बड्या क्लबाचा माणूस खास त्याला बघायला आला, नेमकं त्या दिवशी धुकं पडलं. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा गेला. त्याच सुमारास, चौऱ्याण्णव साली, अमेरिकेत वर्ल्ड कप भरला आणि इथल्या प्रत्येक गावाला आपल्या पोरांसाठी परदेशी कोच हवासा झाला. फर्गस सहा आठवड्यांच्या समर कॅम्पला म्हणून आला. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही, त्याला फुटबॉल नक्कीच कळत असणार, असा आईबापांचा समज झाला आणि फर्गस राहिला. शिकवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला एकच कोच ठाऊक होता. तेव्हा तोंड उघडलं की विली शँडच बाहेर पडे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

“गुड मॉर्निंग, मिस्टर फर्गसन!”

कानटोपी, मफलर, वर जाड जॅकेट अशा थाटात पुरुषोत्तमराव आपल्या घडीच्या खुर्चीत स्थानापन्न झाले होते. हे स्वानंदीचे आजोबा, पुण्याचे, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. स्वतः फर्ग्युसन कॉलेजचे. त्यामुळे समोरचा माणूस स्कॉटलंडचा असून त्याचं नाव फर्गस आहे म्हटल्यावर त्यांनी त्याला परस्पर कॉलेजच्या घराण्यात घालून टाकलं होतं. लॉकहार्ट या आडनावाकडे ते लक्ष देत नसत. फर्गसच्या आरडाओरड्याचे ते एकमेव उघड चाहते. “आमचे मास्तर असेच होते हो,” असं म्हणून ते दर शनिवारी त्याला थर्मासमधला आल्याचा चहा पाजत. आजही त्यांनी कप पुढे केला. फर्गसने चहा प्यायला, ओठांवर बोट ठेवलं आणि लायनीपाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे देवांग हातात फोन घेऊन उभा होता.

मॅच सुरू झाली आणि फर्गसला पहिल्यांदाच मॅच ऐकू आली. कृत्रिम गवतावर बुटांचं घासणं, कोपऱ्यातल्या झेंड्याची फडफड, धापा टाकणाऱ्या पोरी. इतकी वर्षं हे सगळं त्याच्याच आवाजाखाली दबलेलं होतं. पहिला अर्धा तास बरा गेला. मुलींनी एक गोल केला. त्याने टाळ्या वाजवल्या. असंही जमतं की, असं वाटून त्याला जरा हलकं वाटलं आणि थोडा अपमानही.

स्वानंदी राइट बॅक होती, म्हणजे त्याचीच जागा. अकरा वर्षांची काटकुळी पोर, पळण्यात सगळ्यांत मागे. पण बॉल कुठे येणार हे तिला आधी कळायचं आणि ती जाऊन नेमकी तिथे उभी राहायची. ही चीज शिकवून येत नाही, हे फर्गसला माहीत होतं. तिला ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

उत्तरार्धात दहाव्या मिनिटाला बॉल तिच्या पायातून सुटला आणि समोरच्या टीमने बरोबरी केली.

टीमची कॅप्टन अनन्या मधोमध उभी होती. तिने कमरेवर हात ठेवले. हनुवटी पुढे काढली. आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ती ओरडली, “तुझ्याऐवजी तिथे खांब रोवला असता, तरी बॉल निदान आपटून परत आला असता!”

एरवी हे वाक्य गलक्यात विरून गेलं असतं. आज कडेला चाळीस माणसं मूग गिळून उभी होती. वाक्य स्वच्छ ऐकू गेलं. एक बाप लॉलीपॉप तोंडात ठेवून नाकातून हसला. पुरुषोत्तमरावांनी, आपलीच नात आहे हे विसरून, वा म्हणून मान डोलावली. स्वानंदीने मागे वळून पाहिलं नाही. तिचे खांदे फक्त कानांपर्यंत वर आले. ते खांदे फर्गसने ओळखले. ते त्याचेच होते, सतराव्या वर्षाचे. आणि तोंडात एकदम तीच जुनी आंबट चव आली.

तो लायनीपर्यंत गेला. गप्प बस, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पलीकडे देवांगने फोनवरून डोकं वर केलं आणि थेट त्याच्याकडे बघितलं.

फर्गसने तोंड मिटलं. खिशात कुणीतरी कोंबलेला लॉलीपॉप होता, तो सोलून तोंडात घातला. संत्र्याचा होता. पुढची वीस मिनिटं तो चोखत त्याने सगळं ऐकलं. अनन्या आणखी दोनदा तेच ओरडली. मग गोलकीपर ओरडली. मग एका चिमुरडीने, जी मार्चमध्ये टीममध्ये आली होती, नुसतं “खांब!” म्हटलं आणि बाकीच्यांना ते पुरेसं कळलं. फर्गसला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तो बोलला नाही.

शेवटी शेवटी अनन्याने गोल केला. त्यानंतर समोरच्यांचा एक बॉल गोलकीपरला चकवून रिकाम्या जाळीकडे निघाला, तर स्वानंदी तिथे आधीच उभी होती. तिने तो शांतपणे बाहेर मारला. कुणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे अजून अनन्याच्या गोलाच्या नादात होते. शिट्टी झाली. दोन-एक.

देवांग जवळजवळ पळतच आला. “बघ! जमतं की नाही? एक शब्द नाही! मी तर थक्क झालो.” त्याने फोन पुढे धरला. “कॉन्ट्रॅक्ट इथेच आहे. बोटाने सही कर.” फर्गसचं बोट थंडीने इतकं गारठलं होतं की स्क्रीन त्याला दाद देईना. तीनदा घासल्यावर कुठे वेडीवाकडी रेघ उमटली. वर्षभराची चिंता मिटली. आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसतंच खूप दमल्यासारखं झालं.

“कोच!” अनन्या घामाघूम होऊन धावत आली. “आज तुम्हाला ओरडता येत नव्हतं ना, म्हणून तुमचं काम मीच केलं!”

तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. फर्गसला तिच्यावर रागावताच येईना. “ते खांबाचं पुन्हा म्हणायचं नाही,” तो म्हणाला. तासभर गप्प राहिल्याने आवाज चिरकला. “ते माझं आहे. आणि वाईट आहे.”

“पण ते तर फनी आहे,” अनन्या म्हणाली आणि गोंधळून निघून गेली.

स्वानंदी बाकाच्या टोकाला एकटी बसून नडगीवरचे शिन गार्ड काढत होती. पुरुषोत्तमराव खुर्चीची घडी घालत, चहाचा कप उंचावून खुणावत होते. फर्गसने हातानेच नको म्हटलं. तो बाकावर बसायला गेला तर गुडघा वाकेना, म्हणून तसाच तिच्यासमोर उभा राहिला.

“ते खांबाचं वाक्य,” तो म्हणाला. “ते मीच तुमच्या डोक्यात भरलं. आज मला ते थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. मला माफ कर.”

स्वानंदीने त्याच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. तिला त्याचीच काळजी वाटली असावी.

“इट्स ओके, कोच,” ती म्हणाली. “सवय झालीय. मी स्वतःलाच म्हणते ते, मनात. मॅथच्या टेस्टला पण म्हणते.”

फर्गस हिशेब करू लागला. वर्षाला दोन टीम, एकेका टीममध्ये पंधरा-सोळा मुली, एकतीस वर्षं. पहिल्या वर्षीच्या पोरी आता चाळिशीला आल्या असतील. कुणी डॉक्टर असेल, कुणाला स्वतःच्या मुली असतील. त्यांतल्या किती जणींच्या मनात विली शँड अजून कमरेवर हात ठेवून उभा असेल, याचा विचार त्याला पुढे करवेना.

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तो शोधू लागला. शिव्या त्याच्याकडे ढिगाने होत्या, पण चांगलं वाक्य त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं.

“शेवटचा तो बॉल,” अखेर तो म्हणाला. “तो कुठे येणार हे तुला आधीच कळलं होतं. टीममध्ये दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं. मलासुद्धा नाही. छान खेळलीस.”

स्वानंदीने मान वर केली. तिचे खांदे पुन्हा हळूहळू कानांकडे सरकले, आणि आता ‘पण’ म्हणून त्याचं पुढचं वाक्य येईल, याची ती वाट बघत बसली.